पंतप्रधानांना उपप्रश्न कोण विचारणार? महाराष्ट्राच्या ४८ खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले सर्व ४८ सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

आपल्यापैकी काही सत्ताधारी बाकांवर बसतात, काही विरोधी. पत्र दोघांनाही आहे. खरे सांगायचे तर सत्ताधारी बाकांवरच्यांना ते थोडे जास्तच आहे, का ते पुढे येईल. मागणी एकच : लोकसभेचे अधिवेशन सुरू असताना दर बुधवारी अर्धा तास पंतप्रधानांनी स्वतः उभे राहावे आणि उपप्रश्नांसकट (म्हणजे उत्तर ऐकून त्यावर जागेवरच विचारलेल्या प्रश्नांसकट) तोंडी उत्तरे द्यावीत, असा नियम व्हावा. त्या अर्ध्या तासात पहिला मान पारदर्शकतेच्या आणि संविधान दुरुस्तीच्या प्रश्नांना मिळावा.

हेच दोन विषय का, हा प्रश्न रास्त आहे. महागाई आहे, शेती आहे, रेल्वे आहे. पण रेल्वेच्या प्रश्नाला रेल्वेमंत्री आहेत, शेतीला कृषिमंत्री. माहिती दडवली जाते किंवा संविधानाचे एखादे कलम बदलायचे ठरते, तेव्हा तो विषय नेमका कोणत्या खात्याचा, हे सरकारी कामकाजाच्या वाटणीत अनेकदा सापडतच नाही. तुम्ही एका मंत्रालयाला विचारता, ते दुसऱ्याकडे बोट दाखवते. पंतप्रधानांच्या नावे सर्वसाधारण प्रश्न पाठवला, तर तो 'संबंधित' मंत्रालयाकडे वर्ग होतो. 'तो विषय माझ्याकडे नाही' असे ज्याला म्हणता येत नाही, असा मंत्रिमंडळात एकच माणूस असतो. आणि आपल्याकडे उपप्रश्नांना सामोरे जाण्याची वेळ त्याच माणसावर सर्वांत कमी येते.

माहिती अधिकाराचेच उदाहरण घ्या. या कायद्याची देखरेख करणारा विभाग म्हणजे कार्मिक आणि प्रशिक्षण विभाग. कार्मिक मंत्रालय स्वतः पंतप्रधानांकडे असते, अणुऊर्जा आणि अंतराळ या खात्यांप्रमाणेच. लोकसभेत या खात्यांची पाळी बुधवारी येते. उत्तर द्यायला मात्र राज्यमंत्री उभे राहतात. २०१४ पासून हे काम डॉ. जितेंद्र सिंह करत आले आहेत. त्याआधी मनमोहन सिंग यांच्या काळात पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री म्हणून आपले पृथ्वीराज चव्हाण उत्तरे देत. तेव्हा ही एका पक्षाविरुद्धची तक्रार आहे असे कृपा करून समजू नका. देशाच्या पारदर्शकतेचा मुख्य कायदा पंतप्रधानांच्या स्वतःच्या खात्यात आहे आणि त्याबद्दल पंतप्रधानांना सभागृहात प्रश्न विचारला जात नाही, ही रीत दोन्ही बाजूंनी मिळून रुजवली आहे.

आता त्या कायद्यातल्या एका वाक्याकडे या. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये खासगी माहितीला संरक्षण होते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली, किंवा एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण डोकावणारी माहिती देण्याचे बंधन नव्हते. पण त्याला एक परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडलेले होते : जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे माझा अधिकार कुठपर्यंत, हे तुमच्या अधिकारावरून मोजायचे. तुम्हाला सभागृहात जे मिळू शकते, ते मला दहा रुपये शुल्क भरून अर्जावर मिळायला हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सुरूपसिंग नाईक प्रकरणात याच परंतुकाचा विचार केला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या मंत्र्यांच्या रुग्णालयातल्या मुक्कामाची माहिती मागितली गेली होती, आणि विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येत नाही, हे सूत्र न्यायालयाने तिथे मांडले.

ते परंतुक आता नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक लोकसभेत ७ ऑगस्ट २०२३ रोजी आवाजी मतदानाने मंजूर झाले, ९ तारखेला राज्यसभेत. मणिपूरवरून गदारोळ चालू होता. त्या कायद्यात एकूण ४४ कलमे आहेत आणि माहिती अधिकाराला कात्री लावणारी तरतूद अगदी शेवटच्या, चव्वेचाळिसाव्या कलमाच्या एका पोटकलमात आहे. मूळ अटी, सार्वजनिक हिताचा उल्लेख, परंतुक, सगळे काढून त्या जागी फक्त 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढे शब्द ठेवले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती लागू झाली. सरकारची बाजूही सांगायला हवी : २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून शिल्लक आहे. मुद्दा वादाचा आहे, मान्य. पण मग वाद घालायला हवा होता. विधेयक मांडले माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने. बदलला गेला कार्मिक विभागाच्या देखरेखीखालचा, म्हणजे पंतप्रधानांच्या खात्यातला कायदा. कार्मिक विभागाचे यावर मत काय होते, हे सभागृहात कोण कोणाला विचारणार? दोन मंत्रालयांच्या मधल्या बोळात तो प्रश्न हरवला.

हाच बोळ निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे राजकीय पक्षांना नाव न उघड करता देणगी देण्याच्या योजनेच्या वेळीही दिसला होता. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये या योजनेसाठी केलेल्या बदलांवर लेखी हरकत घेतली होती. पत्र गेले कायदा मंत्रालयाला. पुढे २०१८ मध्ये राज्यसभेत विचारले गेले, तेव्हा अर्थ मंत्रालयाचे उत्तर आले की रोख्यांबद्दल आयोगाकडून सरकारला कोणतीही हरकत मिळालेली नाही. नंतर माहिती अधिकारात पत्रव्यवहार बाहेर पडला आणि सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल विशेषाधिकार भंगाची सूचना द्यायची वेळ आली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली, मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्कावर बोट ठेवून. सात वर्षे गेली. कायदामंत्री आणि अर्थमंत्री या दोघांच्याही वर जो बसतो, त्याला एखाद्या बुधवारी सरळ विचारता आले असते की आयोगाने काही कळवले आहे का, तर? 'हो' किंवा 'नाही', दोन्ही उत्तरे इतिवृत्तात राहिली असती आणि दोन्हींचा अर्थ लागला असता.

संविधान दुरुस्तीची गोष्ट याहून अवघड आहे.

८ जानेवारी २०१९ रोजी आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूरही झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. ते आरक्षण योग्य की अयोग्य, हा माझा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते नंतर वैध ठरवले. पण संविधानाच्या पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदात भर पडते आणि समिती नाही, मसुदा लोकांपुढे नाही. दुसरीकडे एकत्र निवडणुकांचे १२९ वे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडले गेले. पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री सलग तीस दिवस कोठडीत राहिल्यास पद गमावतील, असे सांगणारे १३० वे ऑगस्ट २०२५ मध्ये आले. दोन्ही संयुक्त समितीकडे पाठवण्याचा मार्ग धरला गेला. हे चांगलेच झाले. पण इथे एक मेख आहे. लोकसभेच्या नियम ४१ नुसार, संसदीय समितीपुढे विचाराधीन असलेल्या विषयावर सहसा प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे विधेयक घाईने आले तर प्रश्नाला वेळ नाही, आणि सबुरीने आले तर प्रश्नाला परवानगी नाही. समितीपुढे जाऊन विचारावे, तर विभागीय स्थायी समित्यांपुढे सचिव येतात, मंत्री येत नाहीत. पंतप्रधानांचा तर प्रश्नच नाही. २०१० च्या डिसेंबरात मनमोहन सिंग यांनी २जी (दूरसंचार परवाने वाटप) प्रकरणी संसदेच्या लोकलेखा समितीपुढे यायची तयारी लेखी कळवली होती. ते प्रत्यक्ष घडले नाही. घडले असते तर एक पायंडा पडला असता.

१३० वे विधेयक तर पंतप्रधानपदाबद्दलच आहे. आपल्या पदाविषयीच्या तरतुदीवर पंतप्रधानांचे स्वतःचे मत काय, हे विचारायला भारताच्या संसदेत आज नेमकी जागा नाही. सभेत, मुलाखतीत, समाजमाध्यमावर ते कळू शकते. तिथे उपप्रश्न नसतो.

पंतप्रधान सभागृहात बोलतातच की, असे आपण म्हणाल. बोलतात. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावर, अविश्वास ठरावावर, तास-दोन तासही बोलतात. पण भाषणाला उपप्रश्न विचारता येत नाही. निवेदन केले तर त्याहून गंमत आहे : नियम ३७२ सांगतो की मंत्र्यांनी निवेदन केले की त्या वेळी एकही प्रश्न विचारायचा नाही. राज्यसभेत निदान खुलासे मागायची प्रथा आहे, लोकसभेत तेही नाही. आता ३ जुलै २००७ चे ब्रिटिश कॉमन्स सभागृह आठवा. गॉर्डन ब्राउन पंतप्रधान होऊन आठवडा झाला होता. त्यांचे पहिले मोठे निवेदन होते घटनात्मक सुधारणांवर. युद्धात उतरण्याचा, करारांना मान्यता देण्याचा जो अधिकार सरकार राजाच्या नावाने वापरते, तो संसदेच्या हाती द्यावा किंवा मर्यादित करावा, असा त्याचा रोख. निवेदन संपले आणि लगेच दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी प्रश्न सुरू केले. त्यातल्या सगळ्याच घोषणा पुऱ्या झाल्या नाहीत. पण काय राहिले, हे आज सांगता येते, कारण उत्तरे त्यांच्या तोंडची आहेत.

तिथे पंतप्रधानांच्या प्रश्नांना ठरलेली वेळ मिळाली १९६१ मध्ये : मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटे. टोनी ब्लेअर यांनी १९९७ मध्ये त्याचे बुधवारचे एकच अर्धा तासाचे सत्र केले. २००२ पासून तिथले पंतप्रधान समित्यांच्या अध्यक्षांपुढे बसून तपशिलाचे प्रश्नही घेतात. बुधवारचा तो अर्धा तास पुष्कळदा निव्वळ आरडाओरड असतो, टोमणे आधी घासूनपुसून आणलेले असतात, हेही खरे. मला तो तमाशा नको आहे. आरडाओरड आपल्याकडे पुरेशी आहे, ती आयात करायची गरज नाही. घ्यायचे आहे ते एवढेच की प्रमुखाला आठवड्यातून एकदा सगळ्या खात्यांच्या फायली डोळ्यांखालून घालाव्या लागतात, कारण कुठून काय येईल ते माहीत नसते.

आणि ही कल्पना परकी आहे, असे महाराष्ट्राच्या खासदारांनी तरी म्हणू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदीय पद्धत का निवडली, याचे कारण दिले होते. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत उलट. आपण जबाबदारीला झुकते माप दिले, कारण तिचे मोजमाप रोज होते : सदस्यांचे प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव यांतून. पाच वर्षांनी मतदार जे मोजमाप करतो त्यापेक्षा हे रोजचे मोजमाप अधिक परिणामकारक आहे आणि भारतासारख्या देशाला अधिक गरजेचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अनुच्छेद ७५(३) मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, असे जे लिहिले आहे, त्याचा रोजचा व्यवहार म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तो तास करोनाचे कारण देऊन रद्द झाला. लेखी उत्तरे चालू होती. म्हणजे उत्तर राहिले, उपप्रश्न गेला.

राजापूरचे खासदार नाथ पै हे विरोधी बाकावरचे. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येत नाहीत असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये, मूलभूत हक्कांच्या प्रकरणात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा स्थापित करणारे खासगी विधेयक त्यांनी मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झडले आणि ते मंजूर झाले नाही. त्यांच्या भूमिकेशी सहमत असा वा नसा. एका खासदाराने संविधान दुरुस्तीचा विषय स्वतःचा मानला होता आणि सरकारला त्यावर बोलावे लागले होते. आज संविधान दुरुस्ती म्हणजे सरकारने आणायची आणि आपण पक्षादेश आला की बटण दाबायचे, एवढेच उरले आहे.

आता सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांसाठी. १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाते. संविधान दुरुस्तीच्या वेळीही जाते. तुमचे मत बांधलेले आहे, हे मतदारालाही ठाऊक आहे. पण प्रश्नाला ही अनुसूची लागत नाही. प्रश्न विचारल्याबद्दल तिच्याखाली कोणाचे सदस्यत्व जात नाही. (तिकीट जाऊ शकते, हे मी नाकारत नाही.) मुंदडा प्रकरण आठवा. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे समभाग घेतले. सभागृहातल्या प्रश्नांतून विषय वर आला आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी तो तडीस नेला. ते काँग्रेसचे होते. शिवाय पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईतच, उघड सुनावणी घेऊन केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विरोधकांनी विचारले की ते राजकारण ठरते. सत्ताधाऱ्याने विचारले की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

तुमच्याकडून सध्या जे प्रश्न येतात त्यांत अमुक योजनेचा किती जणांना लाभ झाला, या धाटणीचे बरेच असतात. ते उत्तर मंत्रालयाच्या जाहिरातीतही असते. दिवसाला तोंडी उत्तराच्या यादीत येतात २० तारांकित प्रश्न, तेही सोडतीने. २३० अतारांकित कागदावरच निपटतात. ही इतकी तुटपुंजी जागा आहे. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. त्यांनी निदान प्रश्नाला किंमत असते हे ओळखले होते.

नियम बदलायला संविधान दुरुस्ती लागत नाही, दोन तृतीयांश मतेही लागत नाहीत. नियम समिती आहे, तिचे अध्यक्षपद लोकसभेच्या अध्यक्षांकडेच असते. समितीकडे लेखी प्रस्ताव द्या, ४८ जणांच्या सह्यांनी; नाहीच जमले तर जितक्या मिळतील तितक्या. त्यात तीन गोष्टी हव्यात : बुधवारचा अर्धा तास, विषय आधी कळवला तरी उपप्रश्न खुला, आणि समितीपुढच्या संविधान दुरुस्ती विधेयकांना त्या अर्ध्या तासापुरती नियम ४१ मधून सूट. तोवर हातात जे आहे ते वापरा. उत्तर अपुरे वाटले तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चा मागा. 'माहिती गोळा केली जात आहे' असे उत्तर आले तर ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे व्हावे लागते. आश्वासन समितीच्या मागे लागा.

सुरुवात सोपी जावी म्हणून एक तारांकित प्रश्न लिहूनच देतो. १५० शब्दांच्या आत आहे. त्यात उपरोध नाही, निष्कर्ष नाही, कोणावर आरोप नाही, तेव्हा नियमाच्या चाळणीतून जायला हरकत नसावी. पंधरा दिवस आधी सूचना द्यायला विसरू नका. धाटणी मात्र आपल्या विधानसभेची ठेवली आहे, हाताला तीच सवय.

पंतप्रधान पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :—

(१) माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) खालील परंतुक वगळण्याच्या प्रस्तावावर कार्मिक आणि प्रशिक्षण विभागाने आपला लेखी अभिप्राय दिला होता, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, तो अभिप्राय कोणत्या दिनांकाचा आहे, त्याचे स्वरूप काय आहे व त्याची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येणार आहे काय;

(३) विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस जनतेपुढे ठेवण्याबाबत शासनाने २०१४ मध्ये घेतलेला निर्णय संविधान दुरुस्ती विधेयकांना बंधनकारक करण्याची कार्यवाही केली आहे काय;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

आपला,
एक मतदार